चीनहून परत आलेली मिरची

नंदुरबार,
रविवार, ११ जानेवारी

परमस्नेही, विद्यावंत, निवृत्त मुख्याध्यापक श्री. दिलवरसिंग गुरुजी यांस, मुक्काम धडगाव,

मिरचीवाल्या इंदरचंदचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा आठातली चार अंगं बाकी धर.) माझ्याकडून जय जिनेंद्र, तुझ्याकडून जोहार, दोन्ही इथेच झालं असं समज आणि पुढे वाच. इकडे सर्व कुशल आहे. हे वाक्य आमच्या आजोबांनी दुष्काळात लिहिलं होतं आणि वडिलांनी गोदामाला आग लागली त्या आठवड्यात, म्हणून मीही लिहितो. त्यावर फार विसंबू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? तू त्याला लावतोस ते कसलं तरी पाल्याचं तेल वहिनींनी अजून घराबाहेर टाकलं नसेल तर त्यांच्या सहनशक्तीलाही माझा नमस्कार सांग. आमच्याकडे सौ. लाडकंवर ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. सूनबाई चांदनी ठीक आहे, तीही फारशी बोलत नाही. चि. तरुण मात्र बोलतो, आणि इथूनच खरी हकीकत सुरू होते.

फोन का केला नाही असं तू विचारशील. एक तर तुमच्याकडे रेंज येते ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, आणि तुझा गुडघा तिथे चढत नाही. दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते तू मध्ये तोंड घालू शकणार नाहीस अशाच रीतीने सांगायचंय. आठवीत असताना माझ्या निबंधात तू मध्येच हसला होतास आणि सगळा वर्ग हसला होता, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा हे पत्र जालमसिंगच्या जीपमधून पाठवतोय. तो तुझ्या दारापर्यंत आणून देईल, आणि वाटेत उघडून वाचणार नाही, कारण माझं अक्षर त्याला लागत नाही. (तुला लागतं, कारण तुझं त्याहून वाईट आहे.)

तर सुरुवात झाली गेल्या होळीच्या तोंडावर. आमच्या पथारीवर मिरची वाळत होती. पथारी म्हणजे ते गावाबाहेरचं मैदान, तू पाहिलं आहेस, एकदा तिथून शिंकत शिंकत पळाला होतास. तिथे तुमच्या बाजूच्या चाळीस बाया दरसाल येतात, पाल टाकून राहतात आणि वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. त्यांची म्होरकी फुलीबाई. तुला सांगायला नको, तिची दोन्ही पोरं तुझ्याच हाताखाली शिकली आणि ती बाई जगात मान देते ती फक्त तुला. तर ही फुलीबाई एके दुपारी बारा बायांना घेऊन माझ्या गादीसमोर उभी राहिली. मला वाटलं मजुरी वाढवून मागणार, मी तोंड तसंच करून बसलो. तर म्हणाली, मजुरीचं नंतर, आधी पथारीच्या कडेला पत्र्याची शेड बांधा आणि हात धुवायला टाकी बसवा. आता तूच सांग, मिरचीच्या धंद्यात सावली कुणी ऐकली आहे का? मी तिला धंद्याचं तत्त्व समजावून सांगितलं की मिरचीला ऊन लागतं. तर ती सगळ्यांसमोर म्हणते, "मिरचीले वाळनं शे शेठ, आम्हले थोडंच वाळनं शे?" बाया हसल्या. हमाल हसले. पाठीमागे तरुण हसला, तो सगळ्यात जोरात. मग मीही रागाच्या भरात बोलून गेलो, "तुम्हना हातले सवय शे, तुम्हले काय व्हस?" ती पदराला हात पुसून निघून गेली. मी जिंकलो असं मला दोन दिवस वाटत होतं.

त्या रात्रीच्या जेवणात तरुणने मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. (पुण्याला शिकवून आणलेला मुलगा आहे. शिकायला गेला तेव्हा 'पप्पा' म्हणायचा, आला तेव्हा 'पप्पा, ऐकून तर घ्या' म्हणायला लागला.) त्यात चीनमधलं एक मशीन होतं. एका बाजूने मिरची जाते, दुसऱ्या बाजूने बिनदेठाची मिरची पडते, तिसऱ्या बाजूने देठ. ना सावली मागत, ना टाकी, ना मला चारचौघांत उत्तर देत. मी भाकरी तशीच ठेवून ते तीनदा पाहिलं. लाडकंवर म्हणाली, पत्र्याची शेड बांधली असतीत तर स्वस्त पडलं असतं. बायकांना धंद्यातलं कळत नाही असं मी म्हणालो, आणि तेव्हापासून माझ्या घरातलं बोलणं कमी होत गेलं.

परदेशातून व्यापारी माल मागवायचा तर आधी आयात-निर्यातीचा एक नंबर घ्यावा लागतो. तो दोन दिवसांत घरबसल्या आला. मी सरकारला शिव्या द्यायची जय्यत तयारी करून बसलो होतो, ती फुकट गेली. पण आपलं सरकार कुणाची तयारी फार दिवस फुकट राहू देत नाही. नंतर बँक. चीनला पैसे पाठवायचेत म्हटल्यावर साहेबांनी आधी मला बसवलं, मग कारकुनाला उठवलं, मग जुनं परिपत्रक शोधायला कपाट उघडलं आणि कपाटात त्यांना तीन वर्षांपूर्वी हरवलेला स्वतःचा डबा सापडला. त्या आनंदात माझं काम झालं. दरम्यान मी तीन आठवडे घासाघीस करून मशीनचा भाव खाली आणला. तिकडे मिस लिन म्हणून एक बाई होत्या, तरुण मोबाईलमध्ये मराठी बोलायचा आणि त्यांना ते चिनी भाषेत पोहोचायचं. माझं पोट, माझी लेकरं, माझं वय, गेल्या सालचा अवकाळी, सगळं मी त्या मोबाईलमध्ये ओतलं. शेवटी बाईंचा निरोप आला की तुमचं दुःख ऐकून आमचे मालक जेवले नाहीत, घ्या याच भावाला. गुरुजी, त्या दिवशी मी पेढे वाटले. (पुढे कस्टमच्या साहेबांनी विचारलं, हाच माल इतर लोक महाग आणतात, तुम्हालाच स्वस्त कसा? किंमत लपवली असणार. मग मी चांगली घासाघीस करतो याचे पुरावे द्यावे लागले. त्या मोबाईलमधल्या रडगाण्याची छापील प्रत काढून, सहीशिक्क्यासह, फायलीला लावली आहे. सरकारी दप्तरात माझं पोट आता कायमचं जमा आहे.)

आता मुख्य घोळ. मिस लिन म्हणाल्या, मशीन तुमच्या मिरचीच्या मापाने बसवावं लागेल, तेव्हा नमुना पाठवा. तू मास्तर, तुला बाजाराचं काय कळणार, म्हणून सांगतो. आमच्यात सौद्याआधी थोडा माल दाखवतात त्याला वानगी म्हणतात. सौदा फिसकटला तर वानगी परत करायची असते. वानगी खाऊन बसणाऱ्याला बाजारात कुणी दारात उभं करत नाही. आमच्या वडिलांनी खेतियाच्या एका व्यापाऱ्याशी बावीस वर्षं बोलणं टाकलं होतं, कारण त्याच्या बायकोने वानगीची चटणी केली. तर मी स्वतः दोन दिवस बसून वीस किलो मिरची निवडली, सगळे कागद करून चीनला पाठवली, आणि वर तरुणकडून ठणकावून लिहून घेतलं की चाचणीनंतर उरलेली वानगी परत आली पाहिजे, हा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. तरुण म्हणाला, पप्पा, राहू द्या ना, वीस किलोचं काय घेऊन बसलात. मी म्हणालो, प्रश्न किलोचा नाही, समोरचा माणूस कसा आहे ते वानगीवरून कळतं.

आणि कळलं. माणसं सोन्यासारखी निघाली. त्यांनी नऊ किलो चाचणीत वापरली आणि उरलेली अकरा किलो, पांढऱ्या पिशवीत शिवून, वर लाल फीत बांधून, मशीनच्या पोटात ठेवून दिली. शेजारी दुसरी पिशवी, तिच्यात खुडलेले देठ. देठसुद्धा परत केले रे त्यांनी! असा प्रामाणिकपणा मी उभ्या आयुष्यात आपल्या बाजारात पाहिला नाही. फक्त मालाच्या यादीत ते लिहायला विसरले.

दिवाळीनंतर डबा बंदराला लागला. (डबा म्हणजे कंटेनर. एजंट डबाच म्हणतो, म्हणून आम्हीही.) एजंटचं नाव हेमराज, नवी मुंबईत बसतो, आणि त्याला एकच वाक्य येतं: होऊन जाईल शेठ. आधी कागद अडला. मशीन कोणत्या खान्यात बसवायचं, धान्यमसाल्याच्या की फळंभाज्यांच्या, यावर साहेबांनी लेखी विचारलं की मिरची ही भाजी आहे की मसाला. मी चार पिढ्यांचा मिरचीवाला, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी लिहून दिलं की हिरवी असेपर्यंत भाजी, वाळली की मसाला, आणि मधल्या काळात घरातल्या बाईच्या मर्जीवर. हेमराजने शेवटचा भाग खोडला. तेही मिटलं. मग त्यांनी डबा उघडून पाहिला आणि मशीनच्या पोटातून मिरची निघाली.

त्या दिवसापासून गुरुजी, मी चोरून मिरची आणणारा झालो. तेही कुठून, तर चीनमधून. आणि कुठे, तर नंदुरबारला! उद्या कुणी म्हणेल, मी तापीत पाणी घेऊन आलो. मी रात्रीच्या गाडीने गेलो. परदेशी वनस्पतींची तपासणी करणारे वेगळे साहेब असतात, त्यांच्यासमोर हात जोडून सांगितलं, साहेब, ही आमचीच मिरची आहे. त्यांनी कागद दाखवला, मालाचा मूळ देश चीन. मी म्हणालो, मशीन चीनचं, मिरची नंदुरबारची. ते म्हणाले, सिद्ध करा. मी पिशवीतली एक मिरची उचलून हुंगली आणि सांगितलं की ही प्रकाशा गावाकडच्या काळ्या जमिनीतली, दुसऱ्या तोड्याची. साहेबांनी लिहून घेतलं: आयातदाराने संशयित माल नाकाजवळ नेला. मग त्यांनी त्या वानगीची वानगी काढून तपासणीला पाठवली. अर्धा किलो. ती आजतागायत परत आलेली नाही, आणि चिनी लोकांबद्दल तुझं काहीही मत असो, माझं बदललं आहे.

पाच आठवडे गेले. रोज त्या डब्याचं भाडं चढत होतं, हेमराज होऊन जाईल म्हणत होता, आणि इकडे पथारी लाल झाली होती. मी मोठ्या तोऱ्यात दिवाळीआधीच फुलीबाईला निरोप धाडला होता की यंदा तुमची गरज नाही. (निरोप नेणारा जालमसिंगच. तो म्हणाला, शेठ, एक डाव इचार करा. जीपवाल्याने मला विचार करायला सांगावं!) नंदुरबारातल्या बाया बाकीच्या व्यापाऱ्यांनी बोलून ठेवलेल्या. तुमच्याकडची काही जोडपी पुरुषोत्तमनगरच्या बाजूला ऊसतोडीला लागलेली. मसाला कारखान्याला बिनदेठाचा माल महिनाअखेर द्यायचाय, नाही दिला तर यंदाचा सगळा हंगाम माझ्या अंगावर पडतो. ढग आले की मिरचीला डाग पडतो, आणि रोज सकाळी मी आधी आभाळ बघायचो, मग देवाला.

तेव्हा मी ठरवलं की चार दिवस घरच्याच माणसांनी खुडायचं. लाडकंवर, चांदनी, तरुण, दुकानातले तीन नोकर आणि मी. त्यात काय एवढं, देठ तर काढायचा! पहिला अर्धा तास आम्ही गाणी म्हटली. तासाभराने बोटांच्या पेरांना चुणचुण सुरू झाली. दुपारी मी विसरून डोळा चोळला. त्यानंतर काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की पथारीभोवतीच्या कुत्र्यांनी त्या दिवशी जागा बदलली. हात धुवायला टाकी नव्हती. पाण्याने आग कमी होत नाही, पसरते, हे मला साठीनंतर कळलं. तेल लावलं, तूप लावलं, ताकात हात बुडवून बसलो. घाम पुसायचा नाही, नाक पुसायचं नाही, धोतर सावरायचं नाही. संध्याकाळपर्यंत सात माणसांनी मिळून दीड पोतं केलं. चांदनी रडत होती आणि मिरचीने रडतेय की सासऱ्याने हे विचारायची माझी छाती झाली नाही. लाडकंवरने दोन्ही हात माझ्यासमोर धरले, लालभडक झालेले, आणि विचारलं, सवय झाली का हो? त्या दिवसापासून ती बोलत नाही. रात्री मला झोप आली नाही, गुरुजी. चाळीस बायांचे ऐंशी हात मोजत पडलो होतो.

शेवटी बंदरावरून निर्णय आला. मिरची चीनला परत पाठवा नाहीतर नष्ट करा. चीनला परत पाठवायची म्हणजे मिस लिनचा अपमान. मी माझ्याच मिरचीला जाळावं म्हणून माझ्याच खर्चाने, माझ्याच सहीने अर्ज केला. मालकाच्या समक्ष जाळायचं असा नियम, म्हणून पुन्हा गेलो. एका खासगी गोदामामागे भट्टी होती. मी साहेबांना परोपरीने सांगितलं, हवं तर पुरा, हवं तर समुद्रात टाका, पण वाळली मिरची विस्तवावर घालू नका. त्यांना वाटलं माझा जीव अडकलाय त्यात. एक नवखे साहेब तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काका, समजू शकतो. मग पिशवी भट्टीत गेली, दुसऱ्या पिशवीतले देठही गेले. आपल्याकडे दृष्ट काढताना मिरची जाळतात आणि ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजतात. त्या परिसराला कुणाचीही दृष्ट लागलेली नव्हती याची माझी पूर्ण खात्री झाली. आधी साहेब खोकले, मग साहेबांचे साहेब. मग गोदामातले हमाल बाहेर आले, मग शेजारच्या गोदामातले, मग कुठला तरी भोंगा वाजला आणि पलीकडच्या कचेरीतले लोक कंप्यूटर सोडून रस्त्यावर उभे राहिले. पाच आठवडे ज्या कागदावर सही होत नव्हती तो डोळे पुसत पुसत, माझ्याकडे न बघता, त्याच दुपारी सही होऊन हातात आला. हेमराज शिंकत म्हणाला, बघा शेठ, म्हटलं नव्हतं?

तर असं ते मशीन दोन जानेवारीला नंदुरबारात आलं. काय देखणं आहे म्हणून सांगू! निळं, चकचकीत, आमच्या पेढीच्या दारातून आत जाईना एवढं. सुटकेचा कागद मिळाल्याबरोबर, ते यायच्या आतच, मी त्याच्यासाठी पथारीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड बांधून ठेवली होती, पंखे लावले होते, शेजारी पाण्याची टाकीही बसवली होती. (कारखान्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, मशीनला ऊन लागू देऊ नये.) नारळ फोडला, पूजा केली, शेजारपाजारचे सगळे व्यापारी बघून गेले आणि जळून गेले. तात्पर्य, व्यापारी माणसाने काळाबरोबर चाललं पाहिजे आणि कुणावर अवलंबून राहू नये. बाकी सगळं मजेत. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, गुडघ्याला सबुरी.

तुझा बाकावरचा सोबती,
इंदरचंद

ता. क. मशीनबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. ते चालत नाही. म्हणजे चालतं, आवाज उत्तम करतं, पण मिरची मोडून टाकतं आणि देठ शाबूत ठेवतं. तरुणने मिस लिनला व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर फार नम्र आलं, की आपण पाठवलेल्या मिरचीच्या मापाने मशीन अचूक बसवलं आहे, व्हिडिओतली मिरची ती दिसत नाही. खरंच आहे रे. मी दोन दिवस बसून निवडलेली ती वीस किलो, सगळी एका लांबीची, सरळ, जाड सालीची होती. पथारीवरची वाकडी आहे, लहानमोठी आहे, निम्मी सर्दावलेली आहे. वानगी दाखवताना वरचा चांगला थर दाखवायचा हे आमच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलंय आणि गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं, तो मनातल्या मनात दोन पायऱ्या खाली धरतो. हे पहिलेच लोक भेटले ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तुला हसायचं असेल तर हसून घे, आठवीपासूनची सवय आहे तुझी.

ता. क. दुसरं. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते आता लिहितो. तू फुलीबाईच्या पाड्यावर जा. तिला सांग, शेठने बोलावलंय, चाळीस बाया घेऊन ये, पंधरा दिवसांचं काम आहे, मजुरी तू म्हणशील ती. शेड तयार आहे, टाकी तयार आहे. शेड कुणासाठी बांधली होती ते तिला सांगू नकोस. (जालमसिंगने आधीच सांगितलं असेल तर माझा इलाज नाही.) आणि ते हाताच्या सवयीचं मी बोललो होतो, त्याबद्दल तूच आपल्या शब्दांत काहीतरी सांग. तू मास्तर आहेस, तुला शब्द सापडतात. मला ते तोंडाने बोलता येणार नाही, तुला माहीत आहे. ती तुझं ऐकते. एवढं कर, दिलवरसिंग. हंगाम हातातून जातोय.

ता. क. तिसरं, मंगळवार. पत्र अजून माझ्याकडेच आहे, कारण जालमसिंगची जीप घाटात बिघडली होती. आज तो आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तरी फुलीबाईला सगळं कळलंय. मशीन काय करतं तेही, घरच्यांचे हात कसे झाले तेही. तिचा निरोप त्याने जसाच्या तसा सांगितला: "शेठ गुरुजीले कागद लिखी ऱ्हायना व्हई, तर त्याले सांग, आमनाकडे बलावाले माणूस येस, कागद नही येस."

मी दुपारी मशीन ढकलून शेडबाहेर काढलं. सहा हमाल लागले. आता ते उन्हात उभं आहे आणि मोकळ्या शेडमध्ये लाडकंवर झाडू मारतेय. आज ती एक वाक्य बोलली. जाताना धुतलेला सदरा घालून जा, म्हणाली.

तेव्हा हे पत्र तुला जालमसिंग देणार नाही. उद्या सकाळी मीच देईन. मी समोर बसलेलो असेन, वाचून होईपर्यंत माझ्याकडे बघू नकोस. आणि झालं की काठी घे, आपल्याला पाड्यावर जायचंय. वाट तू दाखव, बोलणार मी आहे.